काटा मध्यावर आहे, म्हणजे नेमकं काय?

गणपतीच्या कारखान्यांचं हे हमरापूर, आणि आजचा विषय विमानातल्या रेडिओ उपकरणांची तपासणी. तेव्हा आपण वाण्याच्या तराजूपासून सुरुवात करू. दोन्ही पारड्यांत सारखं वजन असलं की काटा मध्यावर येतो. पण पारडी रिकामी असली तरी तो मध्यावरच असतो, आणि गंजून अडकला असला तरीही! तिन्ही वेळा दिसतं तेच.

ढगांतून उतरताना वैमानिकासमोर अशाच दोन सुया असतात, एक दिशेची, एक उंचीची. या व्यवस्थेला इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, म्हणजे आयएलएस म्हणतात. धावपट्टीजवळच्या अँटेना रेडिओलहरींवर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर चढवून पाठवतात. धावपट्टीकडे येताना डाव्या बाजूला ९० चा जोर, उजव्या बाजूला १५० चा, मधोमध दोन्ही सारखे. उंचीचंही तसंच, वाटेच्या वर ९०, खाली १५०. विमानातला रिसीव्हर दोन सुरांतला फरक मोजतो. फरक शून्य, की सुई मध्यावर.

हा रिसीव्हर तपासताना तंत्रज्ञ काय करतो? विमान जमिनीवर उभं असतानाच टेस्ट सेटमधून बनावट संकेत सोडतो. आधी शून्य फरकाचा. मग मुद्दाम ०.१५५ फरकाचा, दिशेची सुई बरोबर शेवटच्या खुणेपर्यंत गेली पाहिजे. उंचीच्या सुईसाठी तोच आकडा ०.१७५. मग तो एक सूर बंदच करून टाकतो. आता बघायचं ते ‘फ्लॅग’ नावाच्या छोट्या इशारापट्टीकडे. ती दिसलीच पाहिजे. ‘मला नीट ऐकू येत नाहीये’ ही यंत्राची कबुली आहे ती.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे भाट्ट मीमांसक आठवतात. ‘नसणं’ कळण्यासाठी त्यांनी अनुपलब्धी हे वेगळं, सहावं प्रमाण मानलं, पण अट घातली. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. लख्ख उजेडात घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही, तर आपल्याला काहीच कळलेलं नाही. सुईचं शून्य उजेडातलं की अंधारातलं, हे ठरवायला फ्लॅग असतो.

पण फ्लॅगही फसतो बरं का. २९ जुलै २००० ला एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७ रात्री सामोआतल्या आपियाला उतरत होतं. जमिनीवरच्या ट्रान्समीटरवर देखरेख करणारी यंत्रणा तेव्हा बाजूला ठेवलेली होती. उंचीचा संकेत दोन्ही सूर सारख्याच जोराने पाठवत होता, वर काय आणि खाली काय! सूर दोन्ही हजर, म्हणून फ्लॅग नाही. फरक शून्य, म्हणून सुई मध्यावर. विमानातला रिसीव्हर टेस्ट सेटच्या प्रत्येक परीक्षेत पास झाला असता, कारण तो बिघडलेलाच नव्हता. विमान सुमारे ४०० फुटांवर आलं, तेव्हा धावपट्टी साडेपाच सागरी मैल लांब होती. तीन अंशांच्या उतरणीला मैलामागे साधारण ३०० फूट धरतात; म्हणजे हवी होती सोळाशेच्या वर उंची. बाहेरचे दिवे भलत्याच ठिकाणी दिसले, अंतराचा आकडा जुळेना, आणि वैमानिकांनी विमान परत वर घेतलं. सगळे वाचले. संशय फेडला तो आयएलएसशी संबंध नसलेल्या गोष्टींनी, डोळ्यांनी आणि अंतराच्या आकड्याने. नैयायिक याला परतःप्रामाण्य म्हणतील: ज्ञान खरं की खोटं, हे त्याच ज्ञानाला विचारून कळत नाही.

म्हणूनच जमिनीवरच्या संकेताची परीक्षा आकाशात जाऊनच घ्यावी लागते. आपल्या पेणपासून जवळच, नवी मुंबई विमानतळावर २०२४ मध्ये अशी उड्डाणं झाली. तिथे हवाई दलाचं सी-२९५ त्या वर्षी ११ ऑक्टोबरला उतरलं, त्याच्याही आधी. अशा तपासणीत विमान नुसतं सरळ मधल्या रेषेवरून येत नाही. ते मुद्दाम वाट सोडतं, डावीकडून उजवीकडे रेषा ओलांडतं, उतरणीच्या खालून येऊन वर जातं, आणि प्रत्येक वेळी सुई हलते का, किती हलते, याची नोंद होते. आपियाचा दोष अशा एकाच फेरीत पकडला गेला असता. विमान खाली गेलं असतं आणि सुई जागची हलली नसती.