गावचं वाचनालय, वर्ग ‘ड’

महाराष्ट्रात सरकारी अनुदान घेणारी अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतली नावाजलेली बोटांवर मोजण्याइतकी. बाकी हजारोंचा संसार एका खोलीत चालतो. ती खोली कुठे ग्रामपंचायतीच्या इमारतीतली मागची असते, कुठे देवळाच्या ओवरीवर चढवलेला माळा, कुठे एखाद्या जुन्या वाड्याचा पुढचा सोपा. दारावर पत्र्याची पाटी आणि पाटीवर महात्मा फुले, साने गुरुजी, डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई किंवा ग्रामदैवत यांपैकी एक नाव. त्याखाली बारीक अक्षरांत ‘शासनमान्य, वर्ग ड’.

हा वर्ग ठरवला 1970 च्या नियमांनी. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं-नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास, सेवकवर्ग यांवरून ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड अशा पायऱ्या पडल्या. ‘ड’ सगळ्यांत खालची. ग्रंथालयांवर लिहिताना आपण बहुधा वरच्या पायरीवर थांबतो: रत्नागिरीचं 1828 चं नगर वाचनालय, नाशिकचं 1840 चं सार्वजनिक वाचनालय, पुण्याचं 1848 चं नगर वाचन मंदिर. त्यांचा मान मोठाच आहे. पण राज्यातल्या बहुतेक वाचकांच्या हातात पहिलं पुस्तक पडलं ते कुठल्या तरी ‘क’ किंवा ‘ड’च्या खोलीत, असं मला ठामपणे वाटतं.

अनेकांना हे सरकारी कार्यालय वाटतं. तसं ते नाही. वाचनालय ही गावातल्या माणसांनी काढलेली, नोंदणी केलेली संस्था असते. तिला अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळ असतं, दरवर्षी सर्वसाधारण सभा भरते, हिशेब तपासून घ्यावे लागतात. सरकार तिला मान्यता आणि अनुदान देतं, ग्रंथालय संचालनालय तिची तपासणी करतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, 1 मे 1968 पासून लागू झालेला. म्हणजे आधी गाव, मग सरकार. या छोट्या संस्थेचं सगळं बळ या क्रमातून येतं, आणि तिची सगळी ओढाताणही.

हा क्रम कायद्याहून जुना आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात एक साधा नियम होता. गावाला वाचनालय हवं असेल तर तिसरा हिस्सा लोकांनी जमवायचा, तिसरा स्थानिक पंचायतीने द्यायचा, उरलेला संस्थान देणार. जिथे वाचनालय उभं राहणं शक्य नव्हतं तिथे लाकडी पेट्यांमधून पुस्तकं जायची. गावात पेटी आली की तिथला शिक्षक किंवा पाटील ती सांभाळायचा, पुस्तकं वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी हजर. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आजही पेट्यांवरच चालतो, आणि त्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या आहेत. उपाय शंभर वर्षांचा, आणि अजून चालतो.

आता खोलीच्या आत जाऊ.

दिवस सुरू होतो वर्तमानपत्रांनी. मोफत वाचन कक्षातलं हे लांब टेबल म्हणजे वाचनालयाची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत लोकशाही सेवा. इथे बसायला सभासद व्हावं लागत नाही, वर्गणी लागत नाही, नावसुद्धा कुणी विचारत नाही. निवृत्त माणसं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने जातात. शेतकरी बाजारभाव बघतो. नोकरीच्या जाहिराती एखादी मुलगी वहीत उतरवून घेते. मोबाइल हातात आल्यावर हे टेबल ओस पडेल असं बोललं जात होतं. माझ्या मते ते चुकलं, कारण टेबलाशी माणसं बातमीसाठी येतात तशीच एकमेकांसाठीही येतात. घरात दिवसभर एकटा असलेला म्हातारा तासभर चार माणसांत बसतो, ही सेवा कुठल्याच तक्त्यात मोजली जात नाही.

मग देवघेव. नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, पाठीवर चिठ्ठी डकवली जाते. मोठ्या ग्रंथालयांत ड्युईच्या दशांश पद्धतीने मराठी साहित्य 891.46 या अंकाखाली लागतं, कविता 891.461 आणि कादंबरी 891.463. छोट्या ठिकाणी कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, बालसाहित्य असे सरळ गट करून भागवतात आणि त्यात काही बिघडत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. पाच हजार पुस्तकांच्या खोलीत ते काम अंकांपेक्षा ग्रंथपालाची आठवण चांगलं करते. ‘ते नदीवरचं, निळ्या मुखपृष्ठाचं’ एवढ्यावर पुस्तक काढून देणारी माणसं या व्यवसायात पुष्कळ आहेत.

कुठलं पुस्तक किती फिरलं हे कळायला संगणक लागत नाही. आतल्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर शिक्क्यांच्या रांगा. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’, ‘पानिपत’ यांच्या प्रती कागदावर कागद चिकटवून जाड झालेल्या दिसतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हाताळून हाताळून संपल्या, त्यांच्या जुन्या प्रती आता संग्राहक शोधत फिरतात. सुहास शिरवळकर, बाबा कदम, व. पु. काळे यांच्या पुस्तकांची बांधणी पुनःपुन्हा करावी लागते. समीक्षेने ज्यांची फारशी दखल घेतली नाही अशा लेखकांनी गावागावांत वाचनाची सवय लावली, त्याचा लेखी पुरावा या कागदांवर आहे. मराठी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे शिक्के एकदा मोजायला हवेत.

पुस्तक टिकवणं हे वेगळंच युद्ध. कोकणात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, पानांवर बुरशी चढते. कोरड्या मुलखात वाळवी आणि कसर. डांबरगोळ्या सगळीकडे असतात, कुठे कडुनिंबाची वाळवलेली पानं, कुठे पोथ्यांच्या काळापासून चालत आलेली वेखंडाची पुरचुंडी. अगदी जीर्ण झालेलं पुस्तक रीतसर ठराव करून नोंदीतून काढावं लागतं. तो ठराव लिहिताना ग्रंथपालाचा हात जड होतो.

नवी पुस्तकं येतात अनुदानातून, देणगीतून, आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून. केंद्र सरकारची ही संस्था 1972 साली कोलकात्यात स्थापन झाली. राज्य सरकारने आपला वाटा घातला की तीही वाटा घालते आणि निवडलेली पुस्तकं गठ्ठ्यांनी गावोगाव पोचतात. यातली खोच अशी की निवड वरून होते. गावाला हवं होतं शेळीपालनावरचं किंवा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, गठ्ठ्यातून निघतं भलतंच काही. म्हणून जे वाचनालय थोडी तरी रक्कम स्वतःच्या वाचकांना विचारून खर्च करतं, त्याची कपाटं चटकन ओळखू येतात. तिथे धूळ कमी असते.

वर्षाचा सगळ्यांत गजबजलेला काळ दिवाळीनंतरचा. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा मराठी वाचकाचा सण आहे. आज एकेका अंकाची किंमत अशी की घरी दोन-तीनच परवडतात. वाचनालयाची दिवाळी अंक योजना यासाठीच. ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे काही महिने मौज, हंस, दीपावली, साधना, आवाज एकामागून एक घरी न्या. या योजनेत वर्षभर न फिरकणारी घरंही सामील होतात. जमलेल्या पैशांतून अंकांचा खर्च निघतो, कधी थोडं उरतंही. सरकारी नियमात नसलेला हा उपक्रम वाचनालयांनी स्वतः शोधला आणि स्वतःच टिकवला.

कार्यक्रमांचं वेळापत्रक आता बरंच ठरलेलं आहे. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 12 ऑगस्टला रंगनाथन यांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन. प्रतिमापूजन, हार, भाषण, फोटो, अहवालाला जोड. एवढ्यावर थांबलं तर त्या दिवसांनी कुणी वाचू लागत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. खरा कार्यक्रम गावाच्या गरजेतून उगवतो. उन्हाळी सुट्टीत रोज तासभर मुलांना गोष्ट वाचून दाखवणं आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटून ‘उरलेलं घरी नेऊन वाचा’ म्हणणं. भिशीच्या दिवशी महिला मंडळात पुस्तकांची पिशवी घेऊन जाणं, कारण वाचनालयाच्या वेळेला बायका स्वयंपाकघरात असतात. गुडघेदुखीने घरी बसलेल्या आजींना नातवाच्या हाती मोठ्या टायपातलं पुस्तक पाठवणं. व्याख्यानमालेत बाहेरच्या वक्त्याबरोबर गावातल्याच जुन्या विहिरींवर, बियाण्यांवर, जत्रेवर बोलू शकणाऱ्या माणसाला उभं करणं. वक्त्याचं मानधन, चहा आणि सतरंजी यांची तजवीज अजूनही बहुतेक ठिकाणी वर्गणीतूनच होते.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यांवर मात केली आहे अभ्यासिकेने. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सकाळी कुलूप उघडण्याआधी दारात असतात. त्यांना वाचनालयाच्या कादंबऱ्या नको असतात. त्यांना खुर्ची, पंखा, उजेड आणि शांतता हवी असते. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, टीव्ही सुरू, धाकट्यांचा गोंधळ. काही जुन्या कार्यकर्त्यांना ही वाचनालयाची अवनती वाटते. मला वाटत नाही. ज्या मुलीला घरातून पुण्याला जाऊन राहायची परवानगी मिळणार नाही, तिला गावातल्या गावात अभ्यासाला जागा मिळणं ही आज या संस्थेने दिलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे. आणि तिथे बसणारी मुलं कंटाळली की कपाटाशी जातातच.

दार सगळ्यांना उघडं असणं मात्र नेहमीचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातली ‘नेटिव जनरल लायब्ररी’ अशा नावाची ग्रंथालयंही इंग्रज अधिकारी आणि शिकलेले वरच्या जातींतले पुरुष यांची जागा होती. पुढे 1893 साली ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी ऐन विशीत पुढाकार घेऊन मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं आणि मराठी पुस्तक हाच केंद्रबिंदू मानला. ही मोठी झेप होती. तरी वस्तीवरच्या माणसाला उंबरा ओलांडायला आणखी पुष्कळ काळ जावा लागला. गावोगावी फुले-आंबेडकरांच्या नावाने तरुणांनी स्वतःची वाचनालयं काढली, ती या अनुभवातून. आज राज्य सरकार उत्कृष्ट ग्रंथालयाला पुरस्कार देतं तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने, आणि ज्याने राहत्या घराची रचना पुस्तकांसाठी केली त्याचंच नाव तिथे शोभतं.

आता पैशाचं. ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान कित्येक वर्षं 30,000 रुपये होतं. 2022 मध्ये त्यात 60 टक्के वाढ होऊन ते 48,000 झालं. ते हप्त्यांनी येतं आणि त्यातला निम्मा भाग वेतनासाठी. म्हणजे 2022 च्या दराने 24,000 रुपयांत एका माणसाचं वर्ष, महिन्याला 2,000. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, बांधणी, कार्यक्रम. याच माणसाने रोज कुलूप उघडायचं, झाडायचं, नोंदवह्या लिहायच्या, वाचकांची आवड लक्षात ठेवायची, तपासणीला कागद तयार ठेवायचे, 31 मार्चला हिशेब जुळवायचे. गावोगावचे ग्रंथपाल म्हणून सकाळी शेतावर किंवा दुकानात असतात आणि संध्याकाळी वाचनालयात. वाचनालयाला ‘ड’मधून वर जायची वाटही बराच काळ अडलेली होती, कारण 2012 च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर अनेक वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गवाढ मिळाली नाही.

‘संस्था लोकांची आहे, तर माणसाचा पगार लोकांनी बघावा’ हा सरकारी बाजूचा युक्तिवाद. ‘अनुदान सरकारचं आहे, तेवढंच देता येतं’ हा संस्थेचा. दोन्ही खरे असल्यामुळे मधला माणूस कुणाचाच राहत नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात स्थानिक करावर ग्रंथालय उपकर बसतो आणि तो पैसा ग्रंथालयांकडे जातो. आपल्या 1967 च्या कायद्यात उपकराची तरतूद झाली नाही, त्यामुळे दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागतं. ग्रंथालय संघाच्या अधिवेशनांत वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचे ठराव होत आले आहेत. उपकर आणायचा तर विधिमंडळाला कायदा बदलावा लागेल, आणि ते व्हायलाच हवं. पण तोवर थांबायचंही कारण नाही. वेतनाची रक्कम पुस्तकांच्या अनुदानातून बाजूला काढावी, तिला किमान वेतनाचा आधार द्यावा आणि ती दर महिन्याला थेट ग्रंथपालाच्या खात्यात जमा करावी. तेवढ्यासाठी सरकारी निर्णय पुरे आहे.