दोन डब्यांएवढं जहाज, सोळाशे कोयनांएवढं सरोवर

कोयना काठोकाठ भरली की आपण कौतुकाने आकडा सांगतो: १०५ टीएमसी! आता अमेरिकेतलं मिशिगन सरोवर घ्या. त्यात किती कोयना मावतील? शंभर? पाचशे? तब्बल सोळाशेच्या वर! उभी लांबी जवळपास पाचशे किलोमीटर, पसारा महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याला टेकलेला, आणि पाणी सगळं गोडं.

या पाण्यावर १८६८ साली ‘राऊस सिमन्स’ नावाची लाकडी स्कूनर उतरली. मिलवॉकीत बांधलेली, तीन डोलकाठ्यांची, लांबी १२३ फूट. म्हणजे आपल्या एक्स्प्रेसचे दोन डबेसुद्धा नाहीत! आणि राबली किती? ४४ वर्षं! मस्कीगनच्या लाकूडव्यापाऱ्यांच्या फळ्या वाहिल्या, वाफेची जहाजं आली तरी ती शिडांवरच चालत राहिली. म्हातारपणी तिच्या वाट्याला आली नाताळची झाडं.

२२ नोव्हेंबर १९१२. कप्तान हर्मन शूनेमन थॉम्पसन बंदरातून शिकागोला निघाला. अंतर मुंबई-पुण्याच्या तिप्पट. जहाजावर झाडं तीन ते पाच हजार. वरचा आकडा धरा, झाड माणसाएवढं धरा आणि एकापुढे एक आडवी मांडा. चर्चगेटला सुरू झालेली रांग दादरच्या अलीकडे जेमतेम संपेल! शिकागोच्या धक्क्यावर चांगल्या झाडाला एक डॉलर मिळे. पाच हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या भावाने साधारण साडेसहाशे तोळे! एवढी दौलत अन् ती तोलून धरणारं लाकूड ४४ वर्षांचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केवॉनीच्या जीवरक्षकांना वादळात हेलपाटणारं जहाज दिसलं, संकटाचा झेंडा चढवलेलं. टू रिव्हर्सहून मोटारबोट धावली, पण जहाज सापडलं नाही. कप्तानासह सगळे गेले. शिकागोत बायकापोरं वाट बघत राहिली. बारा वर्षांनी, १९२४ मध्ये, कोळ्यांच्या जाळ्यात कप्तानाचं पाकीट आलं, मेणकापडात गुंडाळलेलं.

जहाज मात्र १९७१ पर्यंत गुपचूप पडून होतं. खोली सुमारे १६५ फूट. परस सहा फुटांचा धरला तर सत्तावीस परस! एवढ्या खोल विहिरीत डोकावलं तर तळ दिसायचा नाही. तिथे पाण्याचा भार किती? दर चौरस फुटावर साडेचार टनांहून अधिक! डेक ढोबळ तीन हजार चौरस फुटांचा. करा गुणाकार: जवळजवळ चौदा हजार टन! कोळशाने भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास. म्हणजे दोन डब्यांएवढ्या जहाजावर पावणेतीन मालगाड्या! पाणी खालूनही तितकंच रेटतं, म्हणून लाकूड चेपत नाही, असं जाणकार सांगतात. पाणबुड्या केंट बेलरिचर्ड तिथे पोचला तेव्हा जहाजाच्या पोटात झाडं तशीच रचलेली होती. एकोणसाठ वर्षं झाली होती, आणि काही फांद्यांवर सुईसारखी पानं अजून टिकून होती!