बास्केटबॉलमधील मुक्त फेक

बेंगळूरूचा सर्जापूर रोड ज्या कोरमंगल भागातून निघतो, तेथील क्रीडागृहात आणि शहरातील श्री कंठीरव क्रीडागृहात जुलै २०१७ मध्ये महिलांच्या आशिया चषकाचे सामने झाले. ‘ब’ विभागाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानास ७५-७३ असे नमविले. पुण्याची शिरीन लिमये या भारतीय संघात होती. दोन गुणांचे हे अंतर म्हणजे अवघ्या दोन मुक्त फेका होत.

मुक्त फेक ही प्रतिपक्षाच्या नियमभंगाची भरपाई आहे. चेंडू फेकीत असलेल्या खेळाडूस धक्का दिल्यामुळे नेम हुकला, तर त्यास अशा दोन फेका मिळतात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून हुकल्यास तीन. धक्का लागूनही चेंडू कड्यातून गेल्यास ते गुण मिळून वर एक फेक. प्रत्येक यशस्वी फेकीस एक गुण असतो. हा नियम नसता, तर हात धरणे हाच उत्तम बचाव ठरला असता!

ही फेक फळ्यापासून ४.६० मीटरवरून, पाच सेकंदांच्या आत करावयाची असते. अडविणारे कोणी नसते. तरीही ती हुकते, ती का? कड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, पुरुषांच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून उतरला, तर त्याच्या वाटेवरचे दार साडेबावीस सेंटिमीटरांचेच उरते व तो कड्यावर आपटतो. ४५ अंशांत उतरल्यास तेच दार जवळजवळ ३२ सेंटिमीटर होते. म्हणून कुशल खेळाडू चेंडूस उंच कमान देतो. मात्र फारच उंच फेकीस जोर अधिक लागतो, आणि नेम ढळतो.