कॅन्सरच्या नव्या औषधांची चाचणी: सही अब्बांची, निर्णयही अब्बांचा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून लोकलने परळच्या टाटा मेमोरियलला जाणारी आपली कितीतरी कुटुंबं आहेत. पोटाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर शरीरात पसरलेला असेल तर डॉक्टर कधीकधी विचारतात, "नव्या औषधांची चाचणी चालू आहे, भाग घेणार का?" घरात लगेच कुजबुज सुरू होते: आमच्या माणसावर प्रयोग करणार की काय?

तर आधी चाचणी म्हणजे काय ते समजून घेऊ. अशा मोठ्या चाचणीत सहसा एका गटाला नेहमीची केमोथेरपी मिळते आणि दुसऱ्या गटाला केमोथेरपीच्या जोडीला नवं औषध. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो.

चेकमेट ६४९ ही जगभरातली अशीच चाचणी. तिच्यात १,५८१ रुग्णांना केमोथेरपी किंवा केमोथेरपी अधिक निवोलुमॅब दिलं गेलं. निकाल २०२१ साली आले. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन जास्त होतं, त्यांच्यात फक्त केमोथेरपी घेणारे निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. निवोलुमॅबच्या गटात हाच आकडा १४.४ महिने. म्हणजे आजार मुळापासून गेला नाही, पण वेळ मिळाला. ही अपेक्षा मनात स्पष्ट असावी.

हे औषध फार महाग आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब देऊन पाहिलं. इतर औषधांसोबत हा छोटा डोस घेणाऱ्यांपैकी ४३.४ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. तो न घेणाऱ्यांत १६.३ टक्के. पोटाच्या कॅन्सरला हे आकडे लावता येत नाहीत. पण गरिबाला परवडेल असा उपचारही चाचणीतूनच सापडतो.

आता खरी अडचण. आपल्याकडे अब्बांना आजाराचं नावच सांगत नाहीत, "गॅसचा त्रास आहे" म्हणतात. पण शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती मुलगा देऊ शकत नाही. अब्बांना समजेल अशा भाषेत, मराठी, उर्दू किंवा हिंदीत, सगळं सांगायलाच हवं. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो.

सही करण्याआधी हे विचारा:

- चाचणीत गेलो नाही तर कोणता उपचार मिळेल?
- कोणता खर्च आमचा?
- त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा?
- परळला किती फेऱ्या होतील?
- क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक काय?

चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार बंद होत नाही. कागद घरी आणा, शांतपणे वाचा. दुआ आहेच, पण अब्बांना विचारल्याशिवाय "हो" म्हणू नका, "नाही"ही म्हणू नका.