साडेतेरा तासांची पावती

पहाटे चार वाजता मी मालेगावात एका एटीएमसमोर उभा होतो. नाशिककडचं मालेगाव नव्हे, आमचं वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव जहाँगीर. पाहुण्यांना नागपूरच्या गाडीत बसवून दिलं होतं आणि खिशात चहापुरतेही पैसे उरले नव्हते. आत एकजण होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, आणि बाहेर भिंतीला टेकवलेल्या सायकलीचा मागचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. त्याने कार्ड घातलं, शिल्लक पाहिली, पावती घेतली, तिची घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली. पैसे काढलेच नाहीत.

"मशीनमध्ये पैसे नाहीत का?" मी विचारलं.

"असतील. मला वेळ हवी होती," म्हणाला, आणि टांग मारून अंधारात मेडशीच्या दिशेने गेला.

त्या वाक्याचा उलगडा व्हायला मला आठवडा लागला. हा प्रकार म्हणजे ब्रेव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने कापायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. वाटेत काही ठिकाणी हजेरी लागते. तिथे माणूस बसलेला असेल तर तो कार्डावर शिक्का मारतो. नसेल तर एटीएमची पावती चालते, कारण तिच्यावर ठिकाण आणि वेळ दोन्ही छापून येतात. हे सगळं मोजमाप 1904 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एका सायकल क्लबच्या नियमांनी चालतं. कार्डांना शेवटची मंजुरीही तिकडूनच मिळते. पहिला नंबर नसतो, बक्षीस नसतं. पदक हवं असेल तर आपल्याच पैशाने विकत घ्यायचं. हे ऐकून घरी सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच हिवाळ्यात नाव नोंदवून आलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने तीन महिने सराव कसा केला, गुडघे काय बोलले, हे सांगत बसत नाही.

फेब्रुवारीअखेरचा रविवार. सकाळी सहाला वाशिममधून निघालो तेव्हा अंधार होता आणि बोटं गारठली होती. हे गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. अजिंठ्याची उत्तम लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो हरिषेण इथल्याच शाखेचा. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न याच गावात लावलं आहे. म्हणजे साहित्याचं सासर-माहेर जे काही असेल ते आमच्याकडचं! बसस्टँडच्या गर्दीत हे कुणाला पटत नाही. पहाटे रस्ते रिकामे असताना, 1779 सालचं बालाजीचं मंदिर अंधारात नुसतं काळं दिसत असताना, थोडंफार पटतं.

जुने लोक वऱ्हाडाचे दोन भाग करायचे, खालचा पयानघाट आणि वरचा बालाघाट. अकोला खाली, वाशिम वर. मोटारीत बसून हे कळत नाही. पातूरच्या घाटात गाडीचा आवाज बदलतो तेवढंच. सायकलवर मात्र इतिहासातले हे दोन भाग मांड्यांना कळतात. आमचा मार्ग वाशिम, मालेगाव, मेडशी, मग घाट उतरून पातूर, अकोला आणि पुढे बोरगाव मंजूपर्यंत. तिथून आल्या वाटेने परत. म्हणजे सकाळी फुकटात उतरलेला घाट दुपारच्या उन्हात चढून फेडायचा. मार्ग आखणाऱ्याने आयुष्यात कधीतरी सावकारी केली असावी.

मालेगावच्या अलीकडे उजाडलं आणि वास आला. कुठल्यातरी शेतात हळद शिजत होती. काढणीचे दिवस होते. लोखंडी ड्रममधून वाफ निघत होती आणि धुक्यासारखी रस्त्यावर उतरत होती. ओली माती, सुंठ आणि जळतं लाकूड एकत्र केलं तर जवळपास जाईल असा तो वास. बसमधून या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण तो असा कधी अंगावर आला नव्हता. पुढे समृद्धी महामार्ग आडवा आला. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, आणि त्यावर सायकलीला बंदी आहे, मोटारसायकललासुद्धा. तिथून सुसाट जाणाऱ्यांना ही हळद कळणार नाही, असं मी मनाशी म्हणालो. लगेच स्वतःचीच लाज वाटली. पाच हजारांचे बूट घालून हळदीचा वास घेणाऱ्याने असं बोलू नये. ड्रमापाशी उभ्या असलेल्या बाईने डोळ्यांवर पदर धरला होता. तिला धूर लागत होता.

मेडशीनंतरच्या जंगलात पळस पेटला होता. घाट उतरताना ब्रेक दाबून बोटं दुखली. पातूरच्या लेण्यांकडे मान वळवून पाहिलं, थांबलो नाही. अकोल्यात रहदारी, धूळ आणि केळी. शंभराव्या किलोमीटरची हजेरी सहा तास चाळीस मिनिटांत लागायला हवी, म्हणजे बारा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत. मी पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते.

परतीचं ऊन सांगण्यासारखं नाही. अकोल्यात पोळी-भाजी खाऊन तासभर एका लिंबाखाली आडवा झालो. पातूर सोडलं तेव्हा चार वाजले होते. चढावर निम्म्या वाटेत मागच्या चाकातून 'टण्ण' असा आवाज आला आणि रिंग ब्रेकला घासायला लागली. एक स्पोक तुटला होता. ब्रेक सैल करून, कुठे चालवत कुठे ढकलत, मेडशी गाठायला पाच वाजले.

रस्त्याकडेला टिनाचं दुकान. बाहेर लटकवलेले जुने टायर, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप. आत साठीचे मिस्त्री एका मुलीच्या सायकलची ट्यूब कानशीने खरडत होते. मुलगी शेजारी उभी. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळतात तसली ती सायकल होती. दुकानात सोल्यूशनचा वास भरला होता. लहानपणी सायकलच्या दुकानात गेलेल्या कुणालाही तो वास डोळे मिटून ओळखता येईल.

"काका, जरा घाई आहे. स्पोक तुटलाय."

"थांबा लागते भाऊ. पोरीले उद्या शाळा हाय."

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी ते पाहिलं. "कुठून आले?"

सगळं सांगितलं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास.

"भेटते काय मंग?"

"काही नाही."

"काईच नाई?" त्यांनी ठिगळ दाबून धरलं आणि हसले. "मी आठले दुकान उघडतो, साडेनवाले बंद करतो. मोजा किती होते ते."

मोजले. साडेतेरा.

मुलीचं पंक्चर निघालं, चेनला तेल पडलं, ती गेली. मग माझी सायकल उलटी होऊन सीटवर उभी राहिली. मिस्त्रींकडे माझ्या मापाचा स्पोक नव्हता. त्यांनी डब्यातून एक लांब स्पोक काढला, पक्कडीने त्याचं डोकं उडवलं, टोकाला वाकवून आकडा केला आणि तो हबच्या भोकात अडकवला. "डाव्या आंगाचा तुटला म्हून बरं. उजव्या आंगाचा असता तं फ्रीव्हील खोला लागलं असतं." मग चाक फिरवून रिंगेजवळ खडू धरला. जिथे रिंग बाहेर आली होती तिथे पांढरी रेघ उमटली. चावीने एक स्पोक पाव फेरा आवळला, समोरचा तेवढाच सैल केला. पुन्हा फिरवलं. रेघ आखूड झाली. याला आऊट काढणं म्हणतात. खडू ठेवून दिल्यावर त्यांनी नखाने एकेक स्पोक छेडला, छत्तीसच्या छत्तीस. दोन ठिकाणी थांबले. मला सगळ्यांचा आवाज सारखाच वाटत होता.

"कानाले कळते," एवढंच म्हणाले. मोटारसायकलींनी पोट भरतं, सायकली आता मुलींच्याच येतात, हेही सांगितलं. तीस रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर रागावले. मग माझं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "इथं कायची सई असते?"

"हजेरीची."

"मंग मी करू काय?"

मेडशी हजेरीचं ठिकाण नव्हतं. तरी त्यांनी कोपऱ्यात सही केली. शेजारी बोटाचा काळा ठसा उमटला.

पावणेसहाला निघालो. उरलेल्या तीस-पस्तीस किलोमीटरांतलं अंधार, ट्रकचे दिवे आणि मागच्या चाकाची सरळ, गप्प चाल एवढंच आठवतं. वाशिमला सात वाजून बावीस मिनिटांनी पोचलो. आठ मिनिटं शिल्लक.

काही महिन्यांनी कार्ड मंजुरीचा क्रमांक चिकटून परत आलं. ते घेऊन एसटीने मेडशीला गेलो. मिस्त्री एका मोटारसायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. हात पुसून त्यांनी कार्ड घेतलं. फ्रेंच मजकूर वाचायचा प्रश्नच नव्हता. ते कोपरा शोधत होते.

"हे माहं बोट हाय न?"

"हो."

"पॅरिसले जाऊन आलं?"

"आलं."

कार्ड परत देत त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "आन् सायकल? सायकल काहून नाई आणली? तो आकडा तात्पुरता होता. बदला लागते तो."

पुढच्या रविवारी सायकल घेऊन जायचं ठरलं आहे. वाशिमच्या बाजारातून योग्य मापाचे चार स्पोक घेऊन ठेवले आहेत.