नोकरी सांभाळून संगणकाचे शिक्षण

परीक्षांचे दिवस संपून उन्हाळा तापू लागला की बीड शहरात संगणकाच्या क्लासांच्या जाहिराती वाढतात. विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि आता खिशातल्या मोबाईलवरही त्या दिसतात. "सहा महिन्यांत आयटीत नोकरी" हे त्यांतले ठरलेले वाक्य. या जाहिराती कॉलेजच्या मुलांसाठी असतात असा पुष्कळांचा समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. युनियनच्या कचेरीत याविषयी सल्ला विचारावयास येतात ते बहुधा पस्तिशी-चाळिशीतले लोक: जिनिंगमधला कारकून, साखर कारखान्यातला टाइमकीपर, परळीच्या वीज केंद्रातला कंत्राटी कामगार, दुकानात हिशेब लिहिणारी बाई. घर चालवून उरलेल्या पैशातून आणि पाळी संपल्यावर उरलेल्या तासांतून त्यांना हे शिक्षण विकत घ्यावयाचे असते. आमची स्वतःची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि सभांत झाले. तेव्हा मोठ्या वयात शिकणाऱ्याची अडचण आम्हांस कोणी समजावून सांगावी लागत नाही.

अशा माणसाने सर्वांआधी एक भेद ध्यानात घ्यावा. शिकविणारा क्लास ही एक वस्तू आहे आणि परीक्षा ही दुसरी. प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे विचारले की दोहोंतला फरक उघड होतो. आपल्या ओळखीचे उदाहरण एमएस-सीआयटीचे. क्लास गल्लीतला असतो, अभ्यासक्रम २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा असतो आणि प्रमाणपत्र राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचे असते. म्हणजे शिकविणारा आणि तपासणारा वेगळा. पुष्कळ खाजगी क्लासांत मात्र शिकविणारा, तपासणारा आणि सही करणारा एकच असतो. असा कागद चौकटीत छान दिसतो. परंतु त्या क्लासच्या दाराबाहेर त्याला कोण ओळखतो, याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी.

उलट, मोठ्या कंपन्यांच्या परीक्षांना क्लासची अटच नसते. सिस्को कंपनीची सीसीएनए ही संगणकजाळ्यांची परीक्षा घ्या. कोणीही घरी अभ्यास करून तिला बसू शकतो. तिची फी सुमारे ३०० डॉलर, वर कर; आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, त्यानंतर ते पुन्हा कमवावे लागते. क्लासवाला जी फी सांगतो तीत ही परीक्षेची फी धरली आहे काय, हे तोंडी न विचारता पावतीवर लिहून घ्यावे. परीक्षा इंग्रजीत असते, हेही पुष्कळांना फी भरल्यावर कळते.

कागद कोणता हवा, हे आपण कोणत्या दारात उभे राहणार यावर ठरते. सरकारी कारकुनी हवी असेल तर जाहिरातीत नाव घेऊन मागितलेले प्रमाणपत्रच लागते: एमएस-सीआयटी, केंद्राच्या नाइलिट संस्थेचे सीसीसी, किंवा संगणक टंकलेखनाचे. तेथे अमेरिकन कंपनीचा कागद फुकट. मोंढ्यातल्या अडत्याकडे किंवा कर सल्लागाराकडे काम हवे असेल तर टॅली आणि जीएसटीची विवरणे भरता येणे उपयोगी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि लहान व्यापाऱ्यालाही असा माणूस लागू लागला. तेथे कागद कोणी फारसा विचारीत नाही, समोर बसवून बिल करावयास लावतात. आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' अभ्यासक्रम भरीव आहे, पण तो दिवसाचा असल्याने नोकरी सोडल्यावाचून जमत नाही. आणि सिस्को किंवा मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांना भाव आहे तो मुख्यतः पुण्या-मुंबईत. घर सोडून तिकडे जाण्याची तयारी आहे काय, हे आधी बायको-मुलांबरोबर बसून ठरवावे. हाच प्रश्न क्लासच्या समुपदेशकाला विचारणे व्यर्थ आहे.

आहे त्याच नोकरीत बढतीसाठी शिकावयाचे असेल तर मालकाला लेखी विचारावे: या प्रमाणपत्राने पगारात किंवा हुद्द्यात फरक पडेल काय? मालकाला हवे असलेले शिक्षण मालकाच्या खर्चाने आणि कामाच्या वेळेत व्हावे, हे आमचे जुने मत आहे. सगळे मालक ते मानतील असे नाही. पण प्रश्न लेखी गेला की उत्तर देणे भाग पडते, आणि उत्तर नकारार्थी आले तरी फी वाचते.

आता पैशाकडे येऊ. ऊसतोडीची उचल म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. एका कोयत्यामागे मुकादम आगाऊ रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोचा हंगाम त्याच्याकडे बांधला जातो. क्लासची फी "बिनव्याजी हप्त्यांत" भरा असे सांगतात तेव्हा बहुधा ती उचलच असते, किंबहुना तिच्याहून वाईट. उचलीत निदान रक्कम घरात येते. येथे कर्ज आपल्या नावावर, आणि पैसे वित्तकंपनीकडून थेट क्लासच्या खात्यात. क्लास बंद पडला, मास्तर निघून गेला, तरी हप्ता चालूच. तो चुकला की सिबिलमध्ये नोंद होते आणि पुढे बँकेत कर्ज मागावयास गेल्यावर ती आडवी येते.

आमच्या एका सभासदाचे असेच झाले. रात्रपाळी करून तो 'सायबर सुरक्षा' शिकू लागला. नाव नोंदविताना मोबाईलवर आलेला आकडा त्याने क्लासवाल्याला सांगितला, त्याला वाटले हजेरीसाठी असेल. ती कर्जाची संमती होती. चौथ्या महिन्यात क्लासला कुलूप लागले. हप्ते अठरा होते.

मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढल्या आणि २०२५ साली त्या एकत्रित केल्या. त्यांप्रमाणे व्याज व सर्व आकार दाखविणारे मुख्य अटींचे पत्रक कर्जदारास आधी मिळाले पाहिजे. आणि सुरुवातीच्या ठरलेल्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय कर्ज मोडता येते. ही मुदत थोडी असते. म्हणून पत्रक घरी आणून वाचावे, इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या पोराकडून वाचवून घ्यावे.

पैशाइतकीच वेळेचीही तंगी असते. १२० तासांचा अभ्यासक्रम रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस केला तर दहा आठवडे लागतात. त्यात ओव्हरटाइम येतो, सोयाबीनची काढणी येते, लग्ने येतात, वीज जाते. आम्ही येणाऱ्याला सांगतो की आधी महिनाभर फुकट शिकून पाहा. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत आणि ते उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात. इंग्रजी झेपत असेल तर २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर पुष्कळ अभ्यासक्रम आहेत. शिकणे फुकट, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. क्लासची जी वेळ असेल त्याच वेळी महिनाभर बसावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. सव्वीसांपैकी वीस खुणा झाल्या तर क्लास लावावा. दहाच झाल्या तर चूक आपली नसते, पाळीची असते. पण फी तूर्त भरू नये. आम्ही स्वतः एमएस-सीआयटी केली तेव्हा आमच्या एकोणीस खुणा झाल्या होत्या, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नोकरीची हमी देणाऱ्यांविषयी एक कायदेशीर माहिती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणीवर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. फसगत झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे अर्जाला फी नाही. अर्जाबरोबर पावती आणि जाहिरात जोडावी लागते. आमच्या त्या सभासदाजवळ पावती नव्हती. क्लासच्या दारावरल्या फलकाचा, त्यावर "नोकरीची शंभर टक्के हमी" असे लिहिलेला, एक फोटो त्याच्या मुलीच्या मोबाईलवर निघाला. तो आम्ही छापून घेतला, बँकेच्या खातेउताऱ्यावरील हप्त्यांच्या ओळींखाली लाल रेघ मारली आणि दोन्ही अर्जाला जोडले.