मायलेजच्या भरवशावर नवी गाडी

जुनी गाडी पेट्रोल फार पिते, तेव्हा ती विकून जास्त मायलेजची नवी घ्यावी, म्हणजे वाचलेल्या पेट्रोलातून तिची किंमत आपोआप वसूल होते, हा सिद्धान्त नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत इतक्या निःशंकपणे सांगितला जातो, आणि तो सांगणारी सुशिक्षित, एरवी पैपैचा हिशेब ठेवणारी माणसे तो कागदावर मांडून पाहण्याची तसदी इतक्या क्वचित घेतात, की ऐकताना आता उद्वेग येतो.

हिशेब कठीण नाही. बाजारहाट, लग्नकार्ये आणि अधूनमधून रामटेकची वारी धरून ज्या कुटुंबाची गाडी दरसाल ७,२०० किलोमीटर धावते आणि लिटरला १२ किलोमीटर देते, तिला वर्षाला ६०० लिटर पेट्रोल लागते. १८ देणारी नवी गाडी तेच अंतर ४०० लिटरांत तोडते. लिटरचा भाव सोयीसाठी शंभर रुपये धरला, तर वार्षिक बचत वीस हजारांची. जुनी गाडी विकून आलेली रक्कम वजा जाता पदरचे सहा लाख घालावे लागले असतील, तर कर्जाचे व्याज, विम्याचा वाढीव हप्ता आणि पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरणारी गाडीची किंमत यांतले काहीही न मोजता, नुसते मुद्दल वसूल होण्यास तीस वर्षे लागतील. मात्र नागपूर-वर्धा अशी रोजची ये-जा करून जो वर्षाला ३६,००० किलोमीटर गाडी हाकतो, त्याचे हजार लिटर, म्हणजे लाख रुपये, दरसाल वाचतात, आणि सहा वर्षांत त्याची फेड होते. पहिला प्रश्न म्हणून आपण रनिंग किती, हाच विचारला पाहिजे.

आकडे वाचतानाही फसगत होते. २० वरून २५ ही वाढ ८ वरून १० या वाढीपेक्षा मोठी भासते. प्रत्यक्षात दहा हजार किलोमीटरमागे पहिल्या बदलाने १०० लिटर वाचतात, दुसऱ्याने २५०. ड्यूक विद्यापीठातील लॅरिक आणि सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हा भ्रम सप्रयोग दाखविला आहे.

इतर समजुतींचा परामर्श थोडक्यात घेता येईल. कंपनीचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरांवर मोजलेला असतो. नवतपातला एसी आणि सीताबर्डीची गर्दी त्यात जमेस धरलेली नसते. मायलेज घटले म्हणजे इंजिन संपले असेही नव्हे. टायरांतील हवा आणि एअर फिल्टर आधी तपासावा, शिवाय १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडी भंगारातच जाते, हा समज दिल्ली परिसरातील न्यायालयीन आदेशांवरून पसरला. नागपुरात आरटीओकडून तपासणी करून, शुल्क व पर्यावरण कर भरून पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. आणि नवी गाडी ही पर्यावरणाची सेवा म्हणावी, तर लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरून वरच्या कुटुंबाचे वर्षाला जेमतेम ४६० किलो वाचतात, तर नवी गाडी घडतानाच काही टन हवेत गेलेला असतो. शिवाय विकलेली जुनी गाडी दुसरा कोणी चालवीतच राहतो.

ज्यांचे रनिंग थोडे आहे आणि ज्यांच्या गाडीचे ब्रेक, स्टीअरिंग, सांगाडा धडधाकट आहेत, त्यांनी केवळ मायलेजपायी ती विकू नये. एअरबॅगांची सुरक्षितता हवी असेल तर अवश्य नवी घ्यावी. फक्त तो खर्च पेट्रोलच्या बचतीतून निघेल, असे गृहीत धरून कर्ज काढू नये.